आतून ठेवायची गोळी

दवाखान्याच्या रस्त्यावर औषधांची तीन दुकानं होती. त्यांतल्या मधल्या दुकानात काउंटरला जी बाई उभी असायची, तिला सगळे कुजबुजबाई म्हणत. नाव मालकांनी पाडलेलं. दिवसातून चार-पाच वेळा तरी कोणी बाई काउंटरच्या डाव्या टोकाला, सलाईनच्या खोक्यांच्या आडोशाला येऊन थांबायची. दुकानात पुरुष किती आहेत याचा अंदाज घ्यायची आणि मग पुढे वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची. मालक चिठ्ठी वाचता वाचता म्हणायचे, "झाली चालू कुजबुज." मालक स्वतः शिकलेले फार्मासिस्ट होते, स्वभावाने गरीब होते. पण त्यांच्यासमोर कुठल्याही बाईच्या तोंडून 'खाज' हा शब्द बाहेर पडत नसे. ती काउंटरला यायच्या आधी तर कित्येक जणी दारापर्यंत येऊन, काउंटरला पुरुष बघून, डोकेदुखीची गोळी घेऊन परत जायच्या.

ती दुकानात लागली ती फळ्या पुसायला. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. नवरा बसडेपोत टायर बदलायचा, एक दिवस तिथेच जॅकशेजारी छाती धरून बसला आणि उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. सासू होती, तीही वर्षभरात गेली. फळ्या पुसता पुसता औषधांची नावं तोंडपाठ झाली, आणि एकदा मालक जेवायला गेलेले असताना एक रडवेली पोरगी आली आणि तिच्याशी बोलली. मालकांनी परत येऊन ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला काउंटरला उभं केलं.

या एका दुखण्याबद्दल तिला जे कळत होतं ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. स्वतःच्या अंगावर भोगलेलं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घसा सुजला म्हणून तिला आठवडाभर कडक गोळ्या दिल्या होत्या. घसा बरा झाला आणि खाली खाज सुटली. साधी नव्हे, जीव नकोसा करणारी. अंगावरून नासलेल्या दुधासारखं पांढरं जायला लागलं, लघवीला बसलं की आग. सांगणार कोणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सासूला कळलं ते धुण्याच्या बादलीवरून. सासू म्हणाली, "फरशी पुसायचं औषध असतं ना, ते दोन झाकणं पाण्यात टाक आणि आतून धू. कीड मरते." तिने धुतलं. त्या दुपारी ती भिंतीला पाठ लावून उभीच राहिली, तिला बसवेना.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा लाजत लाजत दुकानात गेला आणि कागदात गुंडाळलेलं एक पाकीट घेऊन आला. आत सहा गोळ्या होत्या, लांबट, बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या.

"काय सांगितलं त्याने?"

"रोज झोपताना एक, म्हणाला."

"एवढी मोठी?"

"मोठ्या दुखण्याला मोठी गोळी असेल," नवरा म्हणाला.

तिने ती पाण्याबरोबर गिळली. गोळी घशात अडकली, खडूसारखी विरघळली, तोंडाला फेस आला. तीन दिवस तिने तीन गोळ्या गिळल्या. पोटात ढवळून निघालं आणि खाज होती तिथेच राहिली. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. तिथल्या वयस्कर सिस्टरने पाकीट पाहिलं, आत गोळ्या किती उरल्यात ते पाहिलं आणि विचारलं, "बाकीच्या तीन कुठे ठेवल्यास?"

"गिळल्या."

सिस्टर आधी हसली. मग हिचं तोंड पाहून तिचं हसू मावळलं. तिने उठून दार लावलं, स्टूल जवळ ओढलं आणि स्वतःच्या डाव्या हाताची सैल मूठ केली. "हे बघ. ही गोळी पोटाची नाही गं, जागेची आहे. जिथे दुखणं तिथे औषध. आधी हात साबणाने धू. आडवी हो, गुडघे वर घे, आणि बोटाने अशी हळूच आत सरकव, आरामात जाईल तितकी." उजव्या हाताचं बोट तिने त्या मुठीत घातलं. "जोर नाही करायचा. ठेवली की उठायचं नाही, झोपायचं. सकाळी थोडं बाहेर येईल, कपड्याला लागेल, घाबरायचं नाही, कापडाची साधी घडी ठेव. पाळी चालू असेल तर संपू दे, नाहीतर औषध वाहून जातं. दोन दिवसांत बरं वाटेल, तरी सहाच्या सहा संपव. आणि तोवर नवऱ्याला म्हणावं, लांब झोप." मग हिने सासूचा उपाय सांगितला, तेव्हा ती जरा दरडावून म्हणाली, "ते फरशीचं औषध फरशीलाच. आत काही घालून धुवायचं नाही. आतली जागा आपली आपण स्वच्छ राहते."

उरलेल्या तीन आणि सिस्टरने दिलेल्या तीन मिळून सहा गोळ्यांत ती बरी झाली. पुढे काउंटरला उभी राहिल्यावर तिने तीच सैल मूठ किती जणींना दाखवली याची गणती नव्हती.

बायकांच्या तऱ्हाही नाना. एकीने गोळी चांदीच्या कागदासकट ठेवली होती आणि तक्रार घेऊन आली, "ताई, फार टोचतं हो हे तुमचं औषध." दुसरीने जपून ठेवावी म्हणून खिडकीत उन्हात ठेवली, तिचं मेण होऊन पुडीला चिकटलं. तिसरी म्हणाली, "अर्धी अर्धी केली तर दोघींना पुरेल का? जाऊबाईलाही आहे." या सगळ्यांवर ती हसायची नाही. हसू आलं तरी गालात धरून ठेवायची, कारण हसलं की बाई परत येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पांढरं दह्यासारखं आणि खाज असेल तर ही गोळी. पातळ, राखाडी, माशासारखा वास असेल तर ही चालणार नाही, डॉक्टरला दाखवा. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध लागेल, दोघं जा. पोटुशी असाल तर मला विचारू नका, आधी डॉक्टर. हे ती खालच्या आवाजात, न चुकता सांगायची. चांगलं काम करत होती. चांगलं काम करतोय हे तिला कळतही होतं, आणि तिथेच घात झाला.

शिवणवाली गल्लीच्या कोपऱ्यावर राहायची. पन्नाशी ओलांडलेली, हाडाने काटक, बोलायला तिखट. शाळेचे गणवेश शिवायची. सकाळी आठला मशीनवर बसली की अंधार पडेपर्यंत पाय थांबत नसे. दुकानात घालायच्या पांढऱ्या कोटांना तीच खिसे लावून द्यायची, त्यामुळे ओळख होती. पहिल्यांदा आली तेव्हा खोक्यांच्या आड न जाता सरळ समोर उभी राहिली. "खाजतंय मला. दे काय ते." मालक खोकले. कुजबुजबाईला ही बाई फार आवडली. तिने विचारपूस केली, गोळ्या दिल्या, आणि शिवणवाली आठ दिवसांनी येऊन म्हणाली, "गेलं बघ. हाताला गुण आहे तुझ्या."

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. मग दोन महिन्यांनी. मग दर महिन्याला यायला लागली. येताना रिकामं पाकीट आणायची आणि काउंटरवर ठेवायची, म्हणजे बोलायलाही लागत नसे. कुजबुजबाई फळीवरून नवं पाकीट काढायची, दोघी दोन शब्द बोलायच्या, शाळा उघडायच्या दिवसांत कशी धांदल उडते, गुडघे कसे धरतात. सवय झाली की माणूस बघायचं सोडतं.

एकदा शिवणवाली पाकीट पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "आता खाज नाही गं तशी. पाण्यासारखं जातं. वास येतो. आणि परवा थोडं लालसर दिसलं."

दुकानात गर्दी होती. मागे एक म्हातारा चिठ्ठी हलवत होता. कुजबुजबाई म्हणाली, "खाजवून ओरखडा पडला असेल. नखं कापून टाका."

"तेच म्हटलं मी," शिवणवाली म्हणाली आणि गेली.

एवढंच. दोन वाक्यं. बाईची पाळी जाऊन चार वर्षं झालेली आहेत, हे कुजबुजबाईला माहीत होतं. पाळी गेल्यावर लाल दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, हेही माहीत होतं, त्याचा कागदच मालकांच्या शेजारच्या भिंतीवर चिकटवलेला होता. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात होत्या, पण त्या दिवशी एकमेकींना भेटल्या नाहीत.

त्यानंतर शिवणवाली आणखी तीनदा आली, तीन पाकिटं घेऊन गेली, आणि मग यायची थांबली. कुजबुजबाईला वाटलं, बरी झाली. तिला बरंसुद्धा वाटलं.

चार महिन्यांनी शिवणवालीची लेक आली. हातात मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी होती. मालकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि पुन्हा वाचली. "ही औषधं आमच्याकडे नसतात बेटा. या गोळ्या तिथेच मिळतील." दुखणं थांबवायच्या सगळ्यात कडक गोळ्या होत्या त्या.

"कोणासाठी?" कुजबुजबाईने विचारलं.

"आईसाठी. कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा. बाहेर पसरलाय म्हणाले." लेक रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं. "वर्षभर अंगावर काढलं म्हणाले. मावशी, तिला काहीच होत नव्हतं का हो? तुमच्याकडे यायची ना ती?"

कुजबुजबाईने फळीवरचं एक पाकीट उगाच सरळ केलं. "यायची," ती म्हणाली.

दुकानातला तो दिवस तिने कसाबसा ढकलला. दुसऱ्या दिवशी ती शिवणवालीच्या घरी गेली. एकच खोली होती, खिडकीशी मशीन, त्यावर जुनी चादर टाकलेली. भिंतीच्या दोरीवर अर्धवट शिवलेले सहा गणवेश तसेच लटकत होते. त्यांना बाह्या नव्हत्या. शिवणवाली पलंगावर कुशीला होती. चेहरा एवढासा झालेला. खोलीत तो वास होता, उदबत्तीनेही न झाकला जाणारा.

"ये," ती म्हणाली. "बस. चहा मागू नकोस, लेक बाकीचे गणवेश परत द्यायला गेलीय."

कुजबुजबाई स्टुलावर बसली. येताना वाटेत ती जे घोकत आली होती ते सगळं एका दमात बाहेर पडलं. "तुम्ही मला लालसर म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. मी तेव्हाच पाठवायला हवं होतं. चुकलं माझं."

शिवणवालीने ओठ घट्ट मिटले होते, कळ आली असावी.

"तू पाठवलं असतंस तरी मी गेले असते का?" ती शेवटी म्हणाली. "तिथे टेबलावर पाय पसरून झोपायचं, चार जणांनी बघायचं. मला नको होतं ते. तुझ्याकडे बरं होतं. तू ओरडायची नाहीस, विचारायची नाहीस. डॉक्टरकडे जायला लागू नये म्हणूनच मी तुझ्याकडे यायचे गं."

हे ती समजूत घालायला बोलली होती. आवाजात राग नव्हता. पण एखाद्याने थोबाडीत मारली असती तर कुजबुजबाईला इतकं लागलं नसतं. वाट दाखवायला गेलेली बाई स्वतःच पळवाट होऊन बसली होती.

शिवणवाली त्यानंतर दहा आठवडे जगली. कुजबुजबाई दर रविवारी जायची. अंग पुसायची, चादर बदलायची, लेकीला तासभर झोपू द्यायची. शेवटी शेवटी शिवणवाली तिला ओळखायची नाही, "कापड आणलंय का?" असं विचारायची. कुजबुजबाई "आणलंय" म्हणायची.

मालक म्हणाले, "असं मनाला लावून नका घेऊ. पाकिटं मीही दिलीच की. दुकान माझं, परवाना माझा." ते खरं होतं. त्याने तिचं ओझं हलकं झालं नाही, मालकांचं तेवढं वाढलं. ते हल्ली भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाठ करून उभे राहत.

पुढे कुजबुजबाई बदलली. मूठ दाखवायची, हात धुवा म्हणायची, सगळं पहिल्यासारखंच. पण आता आधी विचारायची. कितव्यांदा? रक्त दिसलं का? ताप, ओटीपोटात दुखणं? पाळी गेली आहे का? पहिल्यांदाच असेल तर आधी डॉक्टरला दाखवून खात्री करा, दुसरंच काही असू शकतं. आणि तीच बाई महिना-दोन महिन्यांत परत आली तर पाकीट फळीवरच ठेवायची. "आता नाही देणार. तपासून या, मग हवी तेवढी देते."

बायकांना ते आवडलं नाही. का आवडावं? एका शाळेतल्या बाईंनी सरळ आवाज चढवला, "तुम्ही डॉक्टर आहात का? नाही ना? मग विकायचं काम करा." सगळं दुकान वळून बघायला लागलं. त्या बाई पलीकडच्या दुकानात गेल्या, तिथे कोणी काही विचारत नसे. हळूहळू खोक्यांच्या आडोशाला येणाऱ्या कमी झाल्या. मालक एकदा चाचरत म्हणाले, "जरा गोड बोलून बघा." ती म्हणाली, "गोडच बोलत होते मी."

चार-दोन जणी ऐकायच्या. एकीला तपासल्यावर साखर निघाली, त्यामुळेच ते दुखणं पुन्हा पुन्हा येत होतं. आभार मानायला ती आली नाही, साखरेच्या गोळ्या न्यायला आली. चेहरा असा की जणू ही साखर कुजबुजबाईनेच तिच्या रक्तात ओतली.

मग त्या हिवाळ्यात लॉजवर खोल्या झाडणारी एक बाई आली. तिशी-बत्तिशीची, हातांना ब्लीचने भेगा पडलेल्या. आधी तीनदा पलीकडच्या दुकानातून नेलेल्या, आता चौथ्यांदा गोळ्या मागत होती. संबंधानंतर डाग दिसतो, असं तिने अगदी तुटक सांगितलं.

"दवाखान्यात जा. उद्याच."

"मला एकटीला जमणार नाही ताई."

"घरी कोणी?"

"कोणी असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

कुजबुजबाईने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "जा तुम्ही. मी बघतो इकडचं."

मोठ्या दवाखान्यात बायकांच्या विभागाबाहेर लांब बाक होता. दोघी दोन तास तिथे बसल्या. झाडूवालीचा पाय सारखा हलत होता. एकदा ती उठून जिन्यापर्यंत गेली, कुजबुजबाई तिच्या मागे गेली नाही, फक्त तिची पिशवी मांडीवर धरून बसली. ती परत आली. आतली नर्स तरुण होती, बोलायला बरी. ती दारात येऊन म्हणाली, "यांचं झालं की सांगते. तुमचं कधी केलंय शेवटचं?"

"माझं?"

"तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाची."

कुजबुजबाईला आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच. त्या वयस्कर सिस्टरने स्टूल ओढून मूठ दाखवली, त्यानंतर तिला कोणी तपासलं नव्हतं. सव्वीस वर्षं झाली होती. गावभर बायकांना ती 'जा' म्हणत होती आणि स्वतः एकदाही गेली नव्हती. तिला तिथे बाकावर घाम फुटला.

"घ्या करून," नर्स म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

टेबल गार होतं. डोक्यावर पंखा, छताला ओल. शिवणवाली काय म्हणाली होती ते तिला शब्दनशब्द आठवलं आणि पटलंसुद्धा. खरोखरच नको वाटत होतं ते. पाय आवळून घ्यावेसे वाटत होते. नर्स म्हणाली, "श्वास सोडा काकू." तिने सोडला. दुखलं थोडंच. खरंच दोन मिनिटं लागली. एवढ्यासाठी एक बाई गेली, असं तिच्या मनात आलं आणि डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. नर्सला वाटलं फार दुखलं. तिने "सॉरी हं" म्हटलं.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आले. कुजबुजबाईचा स्वच्छ होता. झाडूवालीच्या रिपोर्टमध्ये पेशी बदलायला लागल्या होत्या, अजून कॅन्सर नव्हता, पण तो भाग काढून टाकावा लागणार होता. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात, पाच-सात वर्षांनी आला असतात तर गोष्ट वेगळी असती. झाडूवालीला त्यातलं 'काढून टाकावा लागणार' एवढंच ऐकू आलं आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"मी येते तुझ्याबरोबर," कुजबुजबाई म्हणाली.

"पुन्हा सुट्टी देतील तुम्हाला?"

"देतील."

दोघी बाहेर आल्या. झाडूवालीला चारला कामावर हजर व्हायचं होतं, ती रडतच बसमध्ये चढली. कुजबुजबाई चालत दुकानात आली. मालकांनी भुवया उंचावून विचारलं. तिने दोघींचंही थोडक्यात सांगितलं. "चांगलंच झालं की," मालक म्हणाले. ती हो म्हणाली. कोट चढवला, हात धुतले आणि काउंटरला उभी राहिली. संध्याकाळपर्यंत डाव्या टोकाला कोणी आलं नाही.